जपून ठेवलेला कोड

पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेल्या पेंटरला कुणाचं ऐकायची हौस नव्हती, पण ऑपरेशन थिएटरबाहेर बाक एकच होता. शेजारी हिरव्या गाऊनमधली ताई आणि तिची धाकटी बहीण एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या.

"ताई, त्या साइटला गेमचा पासवर्ड दिलासच कसा?"

"फुकट हिरे देतो म्हणाले."

"बक्षिसाचा खरा कोड पासवर्ड मागत नाही. तो गेममध्येच टाकायचा असतो. पासवर्ड बदललास ना?"

"लगेच. तुझा कोड तरी खरा कशावरून?"

"गेमवाल्यांच्या स्वतःच्या पानावरचा आहे. गेममधल्या तुझ्या शेतात तळं येणार होतं त्याने."

"होतं म्हणजे?"

"तुझ्या वाढदिवसासाठी जपून ठेवला, तर मुदतच संपली."

"अगदी आईवर गेलीस. तिच्या नव्या चादरी कपाटातच विरल्या."

"आज दुसरा आलाय तळ्याचा. तू बाहेर आलीस की दोघी मिळून टाकू."

दार उघडून नर्सने ताईचं नाव पुकारलं. ताई जागची हलली नाही.

"आत्ता टाक."

"अगं, त्या थांबल्यात."

"थांबतील. सिस्टर, आलेच हं, तेवढं तळं भरू दे."