कंदील सोडून नालावर

(ग्वातेमालातलं डोंगरातलं गाव, मतदानाच्या आदली दुपार. स्वयंपाकघरात म्हातारी एउलालिया मक्याच्या भाकऱ्या थापते आहे. मुलगा एलिहियो नगराध्यक्षपदाला उभा आहे. सून ओदिलिया नुकतीच बाहेरून आली आहे.)

एलिहियो : नाही गं आई, कंदील नाही! कंदील हे चिन्ह गेल्या वेळी होतं. यंदा मी घोड्याच्या नालावर उभा आहे.

एउलालिया : नाल तर त्या फिदेलिनोचा.

एलिहियो : होता. आता त्याने कंदील घेतला.

एउलालिया : आपला कंदील? तू दिलास?

एलिहियो : मी कसला देतोय! तो चार ट्रक आणि पैशाची थैली घेऊन राजधानीत गेला. पक्षाने त्यालाच उभं केलं, मला ठेंगा.

ओदिलिया : मग नालवाल्यांकडे माणूस उरला नाही. ते आले आपल्या दारात.

एउलालिया : ओदिलिया, हात निळे कशाने झाले तुझे?

ओदिलिया : रस्त्याकडेचे दगड रंगवले, आई. नालाचा रंग निळा ना.

एउलालिया : ते कंदिलाचे पिवळे दगड? ते ह्याच्या बापाने रंगवलेले!

एलिहियो : आई, दगडांचं राहू दे. इकडे बघ, ही नमुन्याची मतपत्रिका.

एउलालिया : थांब, मला आधी नीट समजू दे. झऱ्याचं पाणी वळवलं फिदेलिनोने. तुझा बाप आडवा गेला तर त्याला कोठडीत डांबलं, तेही त्यानेच.

एलिहियो : हो.

एउलालिया : तेव्हा फिदेलिनो नालाच्या पक्षात होता. घरी आला तो खोकतच आला तुझा बाप, आणि गेला.

एलिहियो : हो, आई.

एउलालिया : आणि आता मी फुली मारायची ती नालावर?

एलिहियो : माणूस बघ ना! माणूस तिकडे गेलाय, कंदिलात.

एउलालिया : मग कंदील वाईट, नाल चांगला?

ओदिलिया : चांगलं कुणीच नाही, आई. आपल्याला झरा परत हवाय, बस.

एउलालिया : आणि पुढच्या वेळी हा कशावर? मधमाशीवर?

एलिहियो : मधमाशीचा पक्षच रद्द झाला.

एउलालिया : अरे देवा! मग त्यातली माणसं कुठे गेली?

ओदिलिया : अर्धी आमच्यात, अर्धी त्यांच्यात. माझा भाऊ दोन्हीकडे जेवतो.

एउलालिया : माझं डोकं फिरलं बाई. एलिहियो, तिथे तुझा फोटो नसतो का?

एलिहियो : नुसतं चिन्ह असतं. म्हणून तर शिकवतोय! तू चुकलीस तर माझंच मत त्या फिदेलिनोला जाईल. मग झरा विसरा. तुझ्या सुनेने घागरी वाहायच्या आयुष्यभर.

एउलालिया : ओरडू नकोस. आंधळी नाही मी. नाल दिसतो मला. हात उचलत नाही, त्याला काय करू?

एलिहियो : त्यात काय आहे एवढं? डोळे मिटायचे, बाबांना आठवायचं आणि मारायची. पेन्सिल दे गं, ओदिलिया. हे बघ, आई. अशी! झालं.

ओदिलिया : अहो...

एलिहियो : काय?

ओदिलिया : कंदिलावर मारलीत.

एलिहियो : ...घाईत झालं. सवयीने. दुसरा कागद दे.

एउलालिया : राहू दे तो कागद. भाकरी गरम आहे, खाऊन घे. आणि उद्या मला न्यायला गाडी पाठवू नकोस, बाळा.