मागे धरलेले हात

ऐका मंडळी! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. हात चालवणं अवघड, की हात आवरणं अवघड? लगेच माना डोलवू नका. टाळ आहेत ना हातात? आधी तेच जरा आवरून बघा!

तर धोंडिराम बेलदार नावाचे एक मूर्तिकार. बाप गावोगाव जाती-पाटे घडवून विकायचा. लेकानं विकायच्या पाट्यावर चिमणी कोरली, म्हणून बापानं थप्पड दिली, आणि पुढं त्याच बापानं कलाशाळेत घातलं! लेक शिकला. चौकाचौकांत त्याचे पुतळे उभे राहिले. विद्यापीठानं बोलावून घेतलं, "सर, आता पोरं घडवा."

घडवू लागले की! वर्गातून फिरायचे. कुणाचं काम अडलेलं दिसलं, की "सरक" म्हणायचे आणि अंगठा असा दाबायचे. एकदाच हो! मातीचा चेहरा श्वास घ्यायला लागायचा. पोरं म्हणायची, "सरांच्या अंगठ्यात देव आहे."

हसू नका! सुनेच्या रांगोळीत आपला एक ठिपका घातल्याशिवाय चैन पडत नाही, अशा सासवा इथंच बसल्यात. मी नावं घेत नाही!

त्या वर्गात एक मुलगी होती, सिंधू कोळेकर. माळावरच्या वस्तीतली. शाळेत असतानाच तिची आई गेली. आईचा फोटो? एकही नाही! तो चेहरा उरला होता फक्त या पोरीच्या आठवणीत, आणि तिथंही पुसट होत चाललेला. म्हणून ती मातीत आई करत होती. थोडं लावायची, थोडं काढायची. माती सुकली तर भेगा पडतात ना? म्हणून संध्याकाळी ओलं फडकं गुंडाळायची — पांघरूण घातल्यासारखं.

एका दुपारी ती पाणी आणायला गेली. सर आले. चेहरा सुरेख, पण हनुवटी वाकडी! अंगठा उठला. दाबला. हनुवटी सरळ. काय रूप खुललं!

सिंधू परतली. बघतच राहिली.

"कशी झाली?"

"छान झाली, सर."

"मग रडतेस का गं?"

"ही माझी आई नाही, सर. आईला लहानपणी म्हशीनं ढुशी दिलेली. हनुवटी एका अंगाला गेलेली. हसली की आणखी जायची…" तिनं मातीवर बोट ठेवलं, उचललं. "किती जायची, ते मघापर्यंत माझ्या हाताला ठाऊक होतं. आता सापडत नाही."

मृदंगबुवा, हात जरा थांबवा.

ती माय दुसऱ्यांदा गेली, मंडळी! कुणाच्या हातून? ज्याच्या अंगठ्यात देव होता, त्याच्याच!

सर जमिनीवर बसले. 'थांब, पुन्हा वाकडी करून देतो' — ओठांवर आलं होतं. गिळलं. दोन्ही हात पाठीमागे नेले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं.

"बोल पोरी. आई हाक कशी मारायची?"

"'सिंधेऽ, चूल विझली बघ!' अशी. रागानं नाही. हसत."

"आणखी काय म्हणायची?"

ती डोळे मिटून बोलत राहिली. बोटं चालत राहिली, चुकत राहिली. त्या दिवशी नाही सापडलं. दुसऱ्या दिवशी नाही. सर रोज यायचे, ओलं फडकं तेवढं पिळून द्यायचे.

मातीत शोधिते माय । बोट अडखळून जाय
तुझा हात आड नको । माझी वाट, माझे पाय

आणि एक दिवस सिंधू आईचं काहीतरी सांगता सांगता खुदकन हसली. बोट थांबलं. "सापडली, सर!"

हनुवटी होती तशी. वाकडी. सरांचे हात मागेच. त्यांनी मान लववली आणि त्या मातीच्या माऊलीला म्हणाले, "चुकलो, बाई."

पुढं नोकरी संपेपर्यंत धोंडिरामसर वर्गात फिरले ते हात मागे धरून. सर गेले, तेव्हा त्यांचा पुतळा सिंधूनंच केला. अनावरणाला एकजण कुजबुजला, "अहो, मूर्तिकाराचा पुतळा, आणि हात कुठायत?"

सिंधू म्हणाली, "मागं जाऊन बघा."

मागं एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं. शिरा ताठलेल्या!

आता घरी जाल. लेक भाकरी थापत असेल, वाकडी. मुलगा स्वतःच्या आयुष्याचं काही मांडत असेल, तेही तुमच्या नजरेला वाकडं. तुमचा अंगठा उठेल. उठणारच! तेव्हा हा समोरचा सावळा आठवा. सगळं जग ज्यानं घडवलं, त्याच्या हातांत काय कमी आहे? तरी बघा, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा आहे. किती दिवस झाले, तुमची-माझी वाकडी हनुवटी बघतोय. आणि हात उचलत नाही.