आमची गाडी निळी निघाली

...नाही, तुम्हीच सांगा, चोरणाऱ्याला पोलीस धरतात हे मी समजू शकतो, पण धुणाऱ्याला? सकाळचे साडेआठ, अंगात भोक पडलेली बनियन, डोळे धड उघडलेले नाहीत आणि खाली हवालदार मला विचारतोय, "हे तू केलंस?" आणि शेजारी माझे सख्खे वडील सांगतायत, "यानेच केलं असणार, दुसरं कोण करणार?" अहो, केलं म्हणजे काय केलं? गुन्हा काय माझा? गाडी धुतली.

तुम्हाला सांगतो, आमच्या बाबांनी नऊ वर्षांत गाडी धुतली नाही. एकदाही नाही. विसरले म्हणून नाही, आळस म्हणून नाही... तत्त्व म्हणून. आळशी माणसाचं एक बरं असतं, दुसऱ्याने काम केलेलं त्याला चालतं. तत्त्ववाल्याला तेही खपत नाही. बाबांचं म्हणणं, धूळ ही गाडीची कातडी आहे. "धुतली की रंग उघडा पडतो, उघडा पडला की ऊन लागतं, ऊन लागलं की संपलं." हे सांगताना आवाज असा, की गाडीचा शोध यांनीच लावला. आणि पुढे, "चोर काय बघतो? चकाकी बघतो. माझ्या गाडीकडे फिरकला कधी चोर?" नाही फिरकला. भंगारवालासुद्धा नाही फिरकला. मागच्या काचेवर कोणीतरी बोटाने 'मला धुवा' लिहून ठेवलं होतं, ते तीन वर्षं तसंच होतं, नंबर प्लेटपेक्षा ठळक.

आता मी कोण? मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेला. का सोडलं ते विचारू नका. ज्यांनी विचारलं त्यांनी उत्तर ऐकूनच घेतलं नाही. आत्याने तर विचारलं पण तिनेच, उत्तर दिलं पण तिनेच आणि शेवटी रडली पण तीच, मी नुसता पाण्याचा ग्लास धरून उभा. मग मी लागलो गाड्या चकचकीत करण्याच्या दुकानात. डिटेलिंग म्हणतात त्याला. बाबा म्हणतात धुणीभांडी. "शेजारच्यांचा मुलगा परीक्षा देतोय, आमचा धुणीभांडी करतोय." घरी कोणी आलं की हे वाक्य चहाच्या आधी येतं.

तर आमच्या दुकानात दोन प्रकारचे लोक. बादलीवाले आणि मशीनवाले. मशीन म्हणजे पॉलिशचं, हातात धरायचं, फिरतं. मशीनवाला ताठ उभा राहतो, कानाला फडकं बांधतो, लोक काचेतून त्याच्याकडे बघतात. बादलीवाला वाकलेला असतो, त्याच्याकडे फक्त टायर बघतात. मी चौदा महिने बादलीवर. शेवटी मालकीणबाईंना विचारलं, "बाई, मला मशीन कधी?" आमच्या बाई फार बोलत नाहीत. भर दुपारी हातात टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरतात, ओरखडा सापडला की नुसता 'हं' म्हणतात, आणि त्या 'हं'ला चार माणसं घाबरतात. म्हणाल्या, "एक गाडी कर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने, हाताने. सोमवारी दहाला इथे आण. गाडीचा मालक माझ्यासमोर उभा राहून काय बोलतो त्यावर ठरवेन. नाही जमलं तर तू आणि बादली, सुखाने नांदा."

आता बादलीवाल्याला आपली गाडी कोण देणार? त्यातून तिचा मालकही हजर करायचा. मला कोणाची गाडी मिळणार, तुम्हीच सांगा.

शुक्रवारी बाबा आत्याकडे गेले, दोन दिवसांसाठी. बसने. का बसने? "एवढ्या लांब नेली की झिजते." ही गाडी ऑफिसला जाते आणि येते, मधे कुठे जांभईसुद्धा देत नाही. आईने कपाटातून जादाची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "मी दिली नाही. तू घेतलीस." बिचारी नऊ वर्षं चांगले कपडे घालून त्या गाडीत वर्तमानपत्र अंथरून बसते आहे. उतरल्यावर पाठीवर बातम्या.

पहिली बादली ओतली, पाणी चहा होऊन खाली आलं. दुसरी ओतली, तेही चहाच, जरा जास्त उकळलेला. पाचव्या बादलीला दारावर एक निळा ठिपका दिसला. मला वाटलं फडक्याचा रंग लागला. पुसला तर ठिपका वाढला. आणखी पुसला तर आणखी वाढला... अहो, गाडी निळी होती. आम्ही राखाडी गाडीत लहानाचे मोठे झालो हो. मी शाळेत निबंध लिहिलाय, 'आमची गाडी राखाडी आहे', बाईंनी शेरा दिलाय 'छान'. बाबांनी ती ऑफिसातल्या एकाकडून जुनी घेतली, घेतली तीच धुळीसकट, आणि कागदपत्रांवर रंग 'निळा' लिहिलाय तर नऊ वर्षं म्हणतायत, "नोंदणीवाले झोपेत लिहितात."

मग मला चेवच आला. शाम्पू झाला, मग ती मऊ वडी असते, ती रंगावरून फिरवली की रुतलेली घाण उचलते, ती फिरवली. आमच्याकडे एका वडीत तीन गाड्या होतात, बाबांच्या एका गाडीला तीन वड्या लागल्या. एसीच्या फटी टूथब्रशने काढल्या. सीटखाली बाबांचा चष्मा सापडला, ज्याच्यासाठी त्यांनी आम्हा सगळ्यांशी दोन आठवडे अबोला धरला होता. मग हाताने पॉलिश, गोल गोल गोल गोल, खांदा निघून हातात येईल असं. मग वॅक्स. रविवारी संध्याकाळी आई खाली आली. गाडीच्या दारात स्वतःकडे बघून केस नीट केले आणि वर गेली. मला तेवढंच पुरलं.

ठरलं असं होतं, की बाबा रविवारी रात्री अंधारात घरी येतील, सोमवारी चहा घेताना गोडीत सांगायचं, हातापाया पडायचं, दहाला दुकानात न्यायचं. पण मी दोन दिवस घासून घासून संपलो होतो. बाबा यायच्या आधीच पडलो तो सकाळपर्यंत हललो नाही. पुढचं आईने गॅलरीतून बघितलेलं सांगतो.

बाबा डबा घेऊन खाली. गाडीपाशी आले आणि पुढे गेले. परत आले, परत पुढे गेले. मग नेहमीच्या जागी उभे राहिले आणि शेजारच्या निळ्या गाडीच्या बॉनेटवर डबा ठेवला, रोज ठेवतात तसा, खिशातली किल्ली शोधायला. नऊ वर्षं त्या धुळीत डबा रुतून बसायचा. आज सुळकन गेला. भाजी इकडे, पोळी तिकडे. बाबा म्हणाले, "लोक गाड्या एवढ्या गुळगुळीत करतातच कशाला." आणि त्याच गाडीला टेकून पोलिसांना फोन लावला.

"माझी गाडी चोरीला गेली. रंग? राखाडी. ओळखीची खूण? मागे 'मला धुवा' लिहिलेलं आहे... अहो, हसताय काय?"

हवालदार आला. आईने वरून कागदांची फाईल टाकली. हवालदाराने कागदावरचा नंबर वाचला. मग बाबांच्या कोपराखालचा नंबर वाचला. मग पुन्हा कागद.

"काका, ही कोणाची?"

"असेल कोणा उधळ्याची."

"नंबर तुमचा आहे."

"म्हणजे बघा, माझी गाडी नेली आणि नंबर काढून हिला लावला."

"कागदावर रंगही निळाच आहे."

"ते झोपेत लिहितात."

"किल्ली लावून बघा."

लागली. "किल्लीपण बनवली मेल्यांनी," बाबा म्हणाले. आत बसले, वास घेतला, म्हणाले, "माझ्या गाडीला असा वास येत नाही," जो पुरावा म्हणून अगदी पक्का होता. शेवटी हवालदाराने खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला. आमचा हॉर्न खोकतो. आधी घसा खाकरतो, मग वाजतो. तो काही मी पॉलिश केला नव्हता. तो खोकला आणि बाबांचा चेहरा उतरला, आणि तिथून नजर जी वर आली ती सरळ माझ्या खिडकीवर. गुन्हा काय माझा, सांगा ना. गाडी धुतली.

"कुठे आहे ती तुझी मालकीण?" बाबा म्हणाले. "चल. आज बघतोच तिला."

तुम्हाला सांगतो, ज्या माणसाला दहा वाजता दुकानात कसं न्यावं म्हणून मी तीन दिवस झुरत होतो, तो मला पावणेदहाला दुकानात घेऊन आला. मागच्या सीटवर बसून मी मनातल्या मनात बादलीशी लग्न लावून टाकलं.

बाई टॉर्च घेऊन फिरत होत्या आणि बाबा त्यांच्या मागे मागे. "अहो, ही काय पद्धत आहे? मी मालक, मला माझी गाडी ओळखता येऊ नये? हात ठेवून उभा होतो तिच्यावर, आणि चोरीची तक्रार देत होतो. पोलिसांनी कागद दाखवले तरी मला पटेना. डबा टिकत नाही तिच्यावर."

बाई थांबल्या. म्हणाल्या, "जरा हळू बोला, लिहून घेते."

आणि बाबांनी सांगितलं. सावकाश, स्वल्पविरामासकट, खाली सही, सहीखाली तारीख. बाई हसल्या नाहीत, पण टॉर्चचा उजेड छतावर थरथरत होता. संध्याकाळपर्यंत तो कागद चौकट करून दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लागला. पण तेव्हा बाई माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून बादलीला हात लावायचा नाही."

बाबांनी ऐकलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला... चौदा महिन्यांत पहिल्यांदा. बाहेर आल्यावर म्हणाले, "काढलं ना कामावरून? मला एवढं नको होतं रे. मी फक्त तक्रार करायला गेलो होतो."

आता काय सांगणार? तोंड उघडलं होतं मी, शपथेवर सांगतो. पण त्या दिवसापासून माणूस बदलला. घरी कोणी आलं तर धुणीभांडी नाही, "त्याचं वाईट झालं, माझ्या बोलण्याने झालं," एवढंच म्हणतात आणि मला जास्तीची पोळी वाढतात. आईला सगळं माहीत आहे. ती म्हणते, "आणखी थोडे दिवस राहू दे."

तर आता मी रोज सकाळी काम शोधायला जातो म्हणून निघतो आणि मशीनवर जाऊन उभा राहतो. बाबा स्वतः सोडतात मला, दुकानाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर. मी उतरतो, ते खिडकीतून वाकून म्हणतात, "धीर सोडू नकोस, मिळेल कुठेतरी... आणि दार हँडलला धरून लाव, बोटं उमटतात."