मागून सव्वीस इंच

सव्वीस म्हणजे सव्वीस, व्हर्लिन! गाडी मागून पंचवीसच इंच उंच असली तर तिला रुबाब येत नाही, हे मी तुमच्या दुकानात तुमच्या तोंडावर सांगितलं होतं आणि आज तेराशे मैलांवरूनही सांगतो. तुम्ही म्हणाल, "पोरा, गाडी चालवायची आहे की नाकाने रस्ता नांगरायचा आहे?" म्हणा. आज सत्कार तुमचा आहे, म्हणून ऐकून घेतो. पटलेलं नाही.

असो. समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या जुन्या मोटारींच्या मंडळाचे प्रमुख श्रीयुत लायल मॅक्क्रेडी, व्यासपीठावरील आदरणीय पाद्रीबाबा, हा हॉल फुकट देणारे अग्निशमन दलाचे कप्तान, सत्कारमूर्ती श्रीयुत व्हर्लिन स्टँबॉ, आणि कोबीच्या पानातला खिमा पहिल्यांदा आपल्याला मिळावा म्हणून स्वयंपाकघराच्या दारालगत बसलेल्या तमाम बंधुभगिनींनो! मी क्लेटन हुदाक. तेलाच्या विहिरीवर सुट्टी मिळाली नाही, म्हणून भाषण लिहून धाडलं आहे. वाचणार नोरीन, म्हणजे सत्कारमूर्तींची कन्या. नोरीन, अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच, पण गाळू काही नकोस.

एक्केचाळीस वर्षं एका माणसाने काय केलं? तर स्प्रिंगचे पोलादी पाटे तापवले, कमानीसारखे वाकवले आणि लोकांच्या गाड्यांखाली बसवले. मी नववीत शाळा सोडली. यापेक्षा सरळ धंदा मला कोणी दाखवलेला नाही. गाडी मागून उचलायची तर स्वस्तातला उपाय आपल्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पाट्याला धरणारी कडी लांब घालायची, की झालं. व्हर्लिन ते करत नसत. "उंच टाचा घातल्या म्हणून माणूस उंच होत नाही," म्हणायचे, "वळणावर मुरगळतो." मग नवे पाटे, आणि आधी मोजमाप. जमिनीपासून मागच्या मडगार्डाच्या कडेपर्यंत टेप. तीन वेळा. तिसऱ्यांदा चष्मा पुसून.

आणि मोजण्याआधी एक प्रश्न ठरलेला. "डिकी रिकामी आहे?" स्वतः उघडून बघायचे नाहीत. दुसऱ्याच्या डिकीत काय असतं ते त्याचं त्याला, असा त्यांचा नेम. तुम्ही हो म्हणालात की हो.

सहा वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी माझी सत्तर सालची प्लिमथ घेऊन गेलो. एकोणीस वर्षांचा होतो. गाडी माझी, पैसे माझे, घाईही माझीच. त्यांनी विचारलं, "डिकी रिकामी आहे?" म्हटलं, "आहे हो! आता मोजता की उन्हाळ्याची वाट बघता?"

नोरीन, वडिलांकडे बघू नकोस. पुढे वाच.

आता मला सांगा, आपल्याकडे बर्फात मागच्या चाकांवर चालणारी गाडी घसरू नये म्हणून डिकीत वजनाला कोण काय ठेवतं? तुम्ही सगळे ठेवता. अध्यक्षमहाराजही ठेवतात. माझ्या डिकीत सत्तर पौंडांची एक अशा वाळूच्या चार गोण्या होत्या. नोव्हेंबरपासून. त्या मी विसरलो होतो. खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही. पण डोकं न वापरता बोललो, आणि त्यातही खरेपणा काही नव्हता.

व्हर्लिननी गोण्यांसकट मोजलं, गोण्यांसकट पाटे वाकवले. गाडी बरोब्बर सव्वीस इंचांवर उभी राहिली. काय दिसली, म्हणून सांगू! दुकानापासून घरापर्यंत मी तीन वेळा उतरून बघितली.

मग मे महिन्यातली मिरवणूक आली. आई म्हणाली, "खुर्च्या कुठे ठेवू, माझ्या मांडीवर?" म्हणून त्या दिवशी सकाळी डिकी उघडली. गोण्या काढल्या. एकेक गोणी निघाली तशी गाडी वर येत गेली. शेवटची निघाली तेव्हा अठ्ठावीस. मला तिथेच कळलं. आईने विचारलं, "असं काय बघतोस?" म्हटलं, "काही नाही. बस."

मिरवणुकीत ती गाडी बिळात उंदीर हुंगणाऱ्या कुत्र्यासारखी चालली होती, हे आपण पाहिलंत. लायलसाहेब, आपण फूटपाथवरून ओरडलात, "क्लेट, मागून कोणी उचलून धरलंय का रे? सोड म्हणावं!" शंभर माणसं हसली. आणि मी, त्या शंभर माणसांदेखत, कागदी ताटलीत सॉसेज घेऊन उभ्या असलेल्या व्हर्लिनकडे बोट करून म्हणालो, "यांना विचारा. यांनीच मोजलंय."

त्यांनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. एवढंच म्हणाले, "सोमवारी आण."

सोमवारी गाडी लिफ्टवर चढवली. डिकीच्या तळाला पाणी जायला भोक असतं. त्याचं रबरी बूच व्हर्लिननी काढलं आणि मूठभर वाळू त्यांच्या तोंडावर पडली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, मग ते थुंकले. "समुद्राला जाऊन आलास वाटतं," म्हणाले. मी म्हटलं, "हो." आपलं गाव समुद्रापासून किती लांब आहे ते आपण जाणता.

दुसरी पाट्यांची जोडी त्यांनी केली. पैसे देऊ केले तर म्हणाले, "चुकीचे पैसे मी घेत नाही." कोणाच्या चुकीचे, ते बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, मंडळात नाही, कोणापाशी नाही. त्या वर्षी मंडळाच्या चौदा गाड्यांचं काम शेजारच्या गावी गेलं. व्हर्लिनला आता टेपवरचं दिसत नाही, असं ठरलं. ते ठरताना मी तिथेच होतो, कॉफी पीत. थंडी पडण्याआधी मी गाव सोडलं.

आता हे आजच का? कारण सोमवारपासून दुकान नोरीन चालवणार. आई फोनवर म्हणाली, मंडळात बोलतात की बापाला मोजता येत नव्हतं, लेकीला काय येणार? तिचं पहिलं वर्ष आहे, आणि कामाच्या वहीत मंडळाची एक गाडी नाही. तर लायलसाहेब, बंधुभगिनींनो, टेप बरोबर होता. टेप धरणारा बरोबर होता. चुकलो मी, आणि चुकल्यावर गप्प बसलो. नोरीन मोजायला त्याच माणसाच्या हाताखाली शिकली आहे. आता कोणी कुठे जायचं ते आपलं आपण ठरवा.

ऐकून घेतलंत, उपकार आहेत. ज्यांनी स्वयंपाक केला, खुर्च्या मांडल्या, त्यांचेही. भाषणाची सवय नाही, कोणाला काही लागलं असेल तर पोटात घाला. व्हर्लिन, तुम्ही नका घालू. मला फोन करून शिव्या द्या, मी उचलेन.

या भाषणासोबतच्या पाकिटात पाट्यांच्या दुसऱ्या जोडीचे पैसे आहेत. सगळ्यांसमोर मोजून त्यांच्या हातात दे, नोरीन. चारशे तीस डॉलर.