नेरडीगोंड्याला पोचवायचं लुगडं

पोलीस ठाणे, आदिलाबाद. दिनांक १३ डिसेंबर १९९९, सोमवार, सायंकाळी साडेसहा वाजता.

जबाब देणार: उद्धवराव मारोतराव पतंगे, वय ५६ वर्षे, धंदा भाजीपाल्याचा मळा व विक्री, राहणार मौजे बोरीखेडा, मंडल तलमडुगु, जिल्हा आदिलाबाद. तेलुगू लिहिता-वाचता येत नाही, म्हणून जबाब मराठीत घेतला. लिहून घेणार: हेड कॉन्स्टेबल बाबाराव.

मला समोर बसवून विचारले, त्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर बायको मालनबाई हिच्यासोबत राहतो. आम्हाला एकच मुलगी, रुख्मिणी, वय २७. ती नऊ वर्षांपूर्वी नेरडीगोंड्याच्या दौलतराव यांना दिली. आमच्या गावाहून तिथे जायला आदिलाबादेत बस बदलावी लागते आणि तीन तास लागतात. काही कमीजास्त झाले की जावयाचा सालदार धोंडीबा बसने येऊन सांगत असे. नात झाली तेव्हाही तोच आला होता. उंबऱ्याशी चप्पल काढायच्या आधी निरोप सांगून मोकळे व्हायचे, अशी त्याची सवय आहे.

आज ज्यांच्या दुकानाची काच फुटली ते सुधाकरराव हे मयूर सेल्युलर या कंपनीचे आदिलाबादचे एजंट आहेत. यंदा जून महिन्यात मी त्यांच्याकडून मोबाइल फोन घेतला. मंडईतले भाव घरी कळतील, असे ते म्हणाले. मला भावाशी कर्तव्य नव्हते, ते मंडईत गेल्यावर कळतातच. मुलीचा आवाज घरी ऐकू येईल का, एवढेच मी विचारले. त्यांनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. जिथे फोन लागतो तो मुलूख गुलाबी रंगवला होता. माझे बोट धरून त्यांनी आमच्या गावावर ठेवले. गाव गुलाबी रंगात होते. "घरचं माणूसच खिशात ठेवलं समजा, काका," असे ते म्हणाले, आणि मी समजलो.

फोन घरी आणला तर तो घरात लागेना, मळ्यात लागेना, मारोतीच्या पारावरही लागेना. गावामागे टेकडी आहे. तिथे मोहाच्या झाडाखाली एका दगडावर उभे राहून तोंड आदिलाबादकडे केले, तर लागायचा. "उद्धवराव पहाडावर बोलाले चालले," म्हणून गाव हसायचे. हसण्यासारखेच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी दुकानात तीनदा जाऊन वहीत तक्रार लिहवली. पहिल्यांदा टॉवर दसऱ्याला उभा राहतो म्हणाले, मग दिवाळीला, आणि तिसऱ्यांदा वहीच सापडेना. दुसरी वही आणून तिच्यात लिहिले. नकाशा भिंतीवर तसाच होता.

म्हणून मुलीशी असे ठरवले की, तिने दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता बसथांब्याजवळच्या एसटीडी बूथवरून फोन करायचा आणि मी टेकडीवर थांबायचे. जुलैपासून एकही गुरुवार चुकला नाही. दिवाळीला ती आली तेव्हा माझ्यासोबत टेकडी चढली. फोनच्या काचेवर बारीक काड्या दिसतात, त्या कशा मोजायच्या ते तिने शिकवले. "बापू, तीन काड्या आल्या की मंग हलायचं नाई," असे म्हणाली. त्यानंतर मी हलत नसे.

त्याच दिवाळीत मी जावयाला सांगितले की, आता धोंडीबाला पळवायचे काम नाही, माझ्याजवळ फोन आहे. चार पाहुणे बसले होते, त्यांच्यासमोर जरा तोऱ्यातच सांगितले. हे बोलणे माझे आहे. बाबारावांनी ते गाळावे का असे विचारले, मी गाळू नये म्हणालो.

पुढचे जावयाकडून कळलेले सांगतो. सोमवारी, ६ तारखेला, रुख्मिणीला थंडी वाजून ताप आला. मंगळवारी सकाळी तो डोक्यात चढला. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. शुद्ध होती तोवर ती बापूला बोलवा म्हणत होती. दौलतराव नऊ वाजता बूथवर गेले. फोनमध्ये एक बाई बोलते, तिने फोन लागत नाही, थोड्या वेळाने करा असे सांगितले. त्यांनी थोड्या वेळाने केला. तिने पुन्हा तेच सांगितले. मंगळवारी दिवसभर आणि बुधवारी मिळून एकतीस वेळा केला, असा बूथवाल्याजवळ हिशेब आहे. धोंडीबा पायात चप्पल घालून दोनदा विचारायला आला की मी निघू का. आता लागेलच, थांब, असे त्याला दोन्ही वेळा सांगण्यात आले. तो मंगळवारी नऊला निघाला असता तर बाराला माझ्या मळ्यात असता. मी त्या दिवशी मेथीच्या जुड्या बांधत होतो. फोन सदऱ्याच्या खिशात होता.

रुख्मिणी बुधवारी, ८ तारखेला, सकाळी आठ वाजता वारली. आमच्यात सवाष्ण बाई गेली की तिला माहेरचे लुगडे नेसवल्याशिवाय उचलत नाहीत. माहेरची माणसे येईपर्यंत थांबतात. त्यांनी दिवस बुडेपर्यंत थांबवले. मग तिच्या सासूने, प्रयागबाईने, आपल्या पेटीतले लुगडे काढून तिला नेसवले. त्यांचा काही दोष नाही. त्या रडत होत्या असे चार जणांनी सांगितले. माहेरच्यांशिवाय उचलल्यावर आता कोणत्या तोंडाने कळवायचे, म्हणून पुढे निरोप घेऊन कोणी निघाले नाही.

गुरुवारी पाच वाजता मी टेकडीवर उभा होतो. तीन काड्या होत्या. अंधार पडेपर्यंत मी हललो नाही. घरी आल्यावर मालनबाईने विचारले, तर बूथवर गर्दी असेल असे मी म्हणालो.

शुक्रवारी आदिलाबादच्या मंडईत नेरडीगोंड्याचे वांग्याचे व्यापारी नागोराव भेटले. त्यांनी खांद्यावर हात ठेवून विचारले, "उद्धवराव, तुमी मातीले आले नाई काऊन?" मी म्हणालो, कोणाच्या. त्यांनी हात काढून घेतला. तेव्हा माझ्या तागडीत एका बाईचे टमाटे होते. तिचे माप मी पुरे करून दिले. ते का केले, मला सांगता येत नाही.

घरी जाऊन मालनबाईला घेतले, वाटेत हिरवे लुगडे घेतले, आणि संध्याकाळी नेरडीगोंड्याला पोचलो. राख सकाळीच सावडली होती. हे आता कोणाला नेसवायचे, असे मालनबाईने विचारले. नंतर दौलतराव म्हणाले, "त्या बाईनं थोड्या वेळानं करा म्हणलं जी, म्हून आमी थोड्या थोड्या वेळानं करत राह्यलो." ते खोटे बोलत नव्हते. धोंडीबा गोठ्यामागे बसून होता, माझ्यासमोर आला नाही.

आज सकाळी दहा वाजता मी लुगडे घेऊन सुधाकररावांच्या दुकानात गेलो. ते काउंटरवर ठेवले आणि म्हणालो, "हे नेरडीगोंड्याला पोचवा. बुधवारी दिस बुडायच्या आत पोचवायचं होतं." त्यांना आधी कळले नाही. कळल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले. मग माझ्या अर्जाचा कागद काढून मागच्या बाजूचे बारीक इंग्रजी अक्षर दाखवले. फोन लागला नाही तर कंपनी जबाबदार नाही असे त्यात आहे म्हणे, आणि खाली माझी सही आहे. सही माझीच आहे. मग नकाशा गुलाबी का, असे मी विचारले. "नकाशा हैदराबादहून येते काका, मी थोडाच रंगवतो," असे ते म्हणाले. तेही खरेच असेल. या कामात खोटे बोलणारा माणूस मला अजून एकही सापडला नाही.

मी तिथेच बसून राहिलो. शिवीगाळ केली नाही, कोणाच्या अंगाला हात लावला नाही. दोनच्या सुमारास सुधाकररावांचा फोन वाजला. त्यांच्या घरून होता. जेवायला कधी येता, असे विचारत असावेत, कारण ते हसून "निघालोच" म्हणाले. आवाज इतका स्वच्छ होता की बाईमाणसाचे बोलणे मला खुर्चीवर ऐकू आले. तेव्हा मी माझा फोन काउंटरच्या काचेवर मारला. रागाच्या भरात हात सुटला असे लिहू का, म्हणजे बरे पडेल, असे बाबारावांनी सुचवले. तसे लिहू नये. मी उठलो, नीट पाहिले आणि मारला. काच माझ्या हातून फुटली, ती मला कबूल आहे.

कंपनीविरुद्ध माझी तक्रार घ्यावी असे मी ठाण्याच्या साहेबांना म्हणालो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. ही कोणत्याच कलमात बसत नाही असे सांगितले, आणि चहा मागवला. मी पुन्हा म्हणालो नाही. कलमात बसून तरी काय होणार होते, ते मलाही ठाऊक नाही. लुगडे दुकानातच आहे. ते जप्तीत लिहायचे तर लिहावे. मी ते परत नेणार नाही, मालनबाईने घरात आणू नका म्हणून सांगितले आहे.

वरचा मजकूर बाबारावांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे. फक्त सुरुवातीला पत्त्याखाली त्यांनी माझा मोबाइल नंबर लिहिला होता, तो मी खोडायला लावला. पुढच्या तारखेला मला बोलवायचे असेल, किंवा काहीही कळवायचे असेल, तर माणूस पाठवावा. मी घरीच असतो.

सही: उद्धवराव मारोतराव पतंगे
समक्ष: बाबाराव, हेड कॉन्स्टेबल