यासिर दारला आहे

—नाही रे रुचिर, मला कुठे जायचंय? मला नुसतं सांग, नैरोबी ते दार-ए-सलाम किती लांब. तुमच्या तिकिटवाल्यांच्या कॉम्प्युटरला सगळं कळतं ना? किती? सहाशे सत्तर किलोमीटर? या अल्ला, हे ह्यांच्या कानावर गेलं तर खलास — किलोमीटर राहू दे, वेळ सांग. विमानाने सव्वा तास? नक्की? अरे, मग इथे ओमानात ह्यांना मस्कतच्या बौशरहून सोहारला कामावर जायला गाडीने दोन तास लागतात, त्याला कोणी परदेश म्हणतं का? नाही म्हणत. मग झालं तर!

कुणासाठी म्हणजे — आहे ओळखीतली एक मुलगी. नोकरी नैरोबीला, आणि जमलंय ज्याच्याशी तो मुलगा दारला — हसतोस काय, तिकडे सगळे दारच म्हणतात — आणि मुलीचा बाप म्हणतो, नवरा एका गावात, बायको दुसऱ्या गावात, हा काय संसार? निकाह होणार नाही म्हणजे नाही. परवा मी चहा टाकत होते, हिबाचा फोन आला, नेमका ह्यांनीच उचलला. पोरगी घाबरली, म्हणाली, ‘अब्बा, यासिर दारला आहे.’ तिचं मराठी हे असं, शाळेत सगळं इंग्लिश — आणि आमचे हुसैनमियाँ बनियनवर बसले होते ते उठले, शर्ट चढवला, केस विंचरले आणि जाऊन दार उघडलं! बाहेर कोण? शेजाऱ्यांचं मांजर. तेव्हापासून तोंड फुगवून बसलेत, म्हणे पोरीने बापाची थट्टा केली. ...हां, आमचीच हिबा. कळलं ना? मग आता गप्प बस.

पण मी एक बघितलं हं. केस विंचरले. डोक्यावर राहिलेत किती — मोजून चार — पण विंचरले. नको असलेल्या जावयासाठी कोण विंचरतं?

आणि लांब-जवळ मला कोण शिकवणार? मुंबई ते मस्कत किती रे? अडीच तास? बघ. लग्नानंतर हे इथे, मी श्रीवर्धनला. विमानाला अडीच तास लागायचे, ह्यांना दोन वर्षं लागायची. हिबाने बापाला पहिल्यांदा बघितलं तेव्हा किंचाळून माझ्या पदरात लपली, रात्रभर त्यांच्याकडे गेली नाही. ह्यांना तेच आठवतं, म्हणून नाही म्हणतात. हट्ट नाही तो, भीती आहे. मला काय कळत नाही? मलाही राग आहे त्या वर्षांचा, अजून आहे, तोंडावर कधी बोलले नाही इतकंच — तुला कशाला सांगतेय हे मी? पण आमच्या वेळचं त्या पोरीने का भरायचं? सव्वा तासावर आहे तिचा माणूस. जेवायला येऊन परत जाईल.

राहू दे ते अंतर. तिकीट काढ. हिबाचं नाही रे, यासिरचं! दारहून मस्कत, शुक्रवारी इथे पोचेल असं, शुक्रवारी हे घरी असतात. व्हिसाचं काय लागतं तेही बघ. बेल वाजली की मी चुलीपुढून हलायची नाही. आतूनच ओरडेन, ‘अहो, यासिर दारात आहे!’ — उघडू देत त्यांनाच. यल्ला, कामाला लाग. मघापासून नुसता बोलत बसलायस!