कोट अजून दमटच आहे

...आणि वर मलाच विचारतात, "जावईबापू, एवढं चिडायला काय झालं?" काय झालं? अहो, कोट धुतला! माझा कोट! तुम्हाला सांगतो, मी त्या मोठ्या हॉटेलच्या दारात उभा असतो, येणाऱ्याला दार उघडतो, जाणाऱ्याला दार उघडतो, आणि हा सगळा रुबाब त्या कोटाच्या जिवावर. जाड, लाल, पितळी बटणांचा, आत अस्तर, अस्तराच्या आत आणखी काहीतरी कोंबलेलं. तो कोट घरी धुवायचाच नसतो! कॉलरला ब्रश मारायचा आणि गप्प बसायचं. पण आमच्या हिचे मामा... चार दिवस राहतो म्हणून आले आणि अजून माझ्याच खुर्चीत बसलेत... त्यांना डाग दिसला! आणि कधी? दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर मला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरवणार, तेव्हा! घातला बादलीत. म्हणे, "तेवढीच आपली मदत."

तो बादलीतून बाहेर काढायला आम्ही तिघं लागलो, तिघं! पिळायला गेलो तर कोट पिळेना, माझंच मनगट पिळवटलं. बाहेर ढग दाटलेले, उन्हाचा पत्ता नाही, वाळवायचं मशीन आमच्या बापजन्मी घरात आलेलं नाही. आहे काय? एक दोरी. बैठकीच्या खोलीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि तिच्यावर मामांचे पायजमे. म्हटलं, "मामा, पायजमे काढा." तर म्हणतात, "ते आधी आलेत." आधी आलेत! रांग लागलीय का इथे?

"अहो, पंखा लावा," ही म्हणाली. लावला. "उलटा करा, अस्तर बाहेर येऊ दे." केला. "बाह्यांत टॉवेल कोंबा." घरातले होते नव्हते तेवढे टॉवेल कोंबले, तर ते ओले झाले, मग तेही दोरीवर! वाळला का कोट? छे! ओला म्हणावा तर पाणी गळत नाही, वाळला म्हणावा तर हाताला गार लागतो. दमट!

आणि हे मामा दर थोड्या वेळाने येऊन चाचपणार. "जावईबापू, चांगलाच ओला लागतोय हो." मी परत पंख्याचं तोंड फिरवणार, परत इस्त्री मारणार, इस्त्रीखालून वाफ, खोलीभर वाफ, भिंती दमट, उशा दमट, मी दमट... की परत मामा हजर. "अजून ओलाच!" शेवटी माझी ट्यूब पेटली. या माणसाला ऊठसूट हात धुवायची खोड, आणि पुसायला टॉवेल कुठाय? दोरीवर! म्हणजे हे धुतलेले हात घेऊन येतात, माझ्या कोटाला लावतात... पुसतातच म्हणा ना सरळ... आणि मलाच सांगतात, ओला आहे म्हणून! "मामा, ओला तुमचा हात आहे!" असा काही ओरडलो! तर आतून ही, "माझ्या मामांवर आवाज चढवायचं काम नाही, सांगून ठेवते." घ्या! कोट माझा, नोकरी माझी, आणि गुन्हेगारही मीच.

सकाळी? दमट! तसाच चढवला. पाठीला गार, काखेत गार, आणि वास... ओट्यावरचं फडकं मोरीत विसरलं की येतो ना, तोच. दारात उभा राहिलो. एक बाई नाकाला रुमाल लावून आत गेल्या. मग मॅनेजर आला. थांबला. हुंगलं. "कसला वास हो हा?"

आता इथे "माफ करा साहेब" म्हणायचं आणि गप्प बसायचं, एवढंच होतं! पण रात्रभर साठलेलं, राहवेना. सुटलो! मामा, बादली, पायजमे, सगळं काढलं. वर आणखी, "साहेब, जाड कापड पिळायचं नसतं, टॉवेलात गुंडाळून दाबायचं असतं, खिसे बाहेर ओढून ठेवायचे असतात, शिवणी सगळ्यात शेवटी वाळतात, आणि हात लावायला येईल त्याचे हात आधी बघायचे असतात!" माझ्या मागे माणसं खोळंबलेली, दार कोण उघडणार? मी हातवारे करण्यात गुंतलेला! आणि मॅनेजर शांतपणे ऐकत होता. सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तुम्हाला यातलं बरंच कळतं हो. आजपासून तुम्ही कायम."

कायम! डोळ्यात पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू? म्हटलं, "साहेब, दारात...?" तर म्हणतो, "छे, छे. कोट जमा करा आणि खाली तळघरात जा. आपलं वाळवायचं मशीन बंद पडलंय, चादरींचा ढीग साचलाय."

आता रोज सकाळपासून ओल्या चादरी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोऱ्याच दोऱ्या, आणि मी मधून वाकून वाकून चालतोय. परवा धीर करून विचारलं, "साहेब, मशीन कधी दुरुस्त होणार?"

म्हणाला, "आता कशाला? तुम्ही आहात ना."